प्राध्यापक, टिल्ड आणि मामा

गेल्या शुक्रवारी रात्री एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. विद्यापीठातल्या आमच्या विभागाची स्मरणिका निघते आहे म्हणे, आणि विभागात आजवर काम केलेल्या सगळ्यांची नावं त्यात छापायची आहेत. "आपली वेबसाइट तूच केली होतीस ना? तुझ्याकडे यादी असेलच."

असणारच! २००३ साली, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मीच केली होती ती. पीएचपी, मायएसक्यूएल आणि लॅबच्या कोपऱ्यात घरघरणारं रेड हॅट लिनक्सचं एक खोकं. शनिवारी सकाळी माळ्यावरून बॅकपची सीडी शोधून काढली, ती वाचायला शेजारच्या काकांकडून ड्राइव्ह उसना आणला (आता घरात सीडी ड्राइव्ह असलेला माणूस सापडणं हेच मुळात अवघड आहे) आणि टेबल उघडलं. अकरा ओळी. अकरा प्राध्यापक. फोटो, शिक्षण, संशोधनाचे विषय, शोधनिबंध, सगळं जागच्या जागी. मी खूश होऊन यादी पाठवून दिली.

दहा मिनिटांत उलटा प्रश्न आला. "आणि लॅबचे मामा? त्यांचं पूर्ण नाव काय रे?"

काय बरं? बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. मामा सगळ्यांना आठवत होते. सकाळी साडेसातला लॅब उघडणारे मामा, कुठला यूपीएस उगाच ओरडतोय आणि कुठला खरंच मरतोय हे आवाजावरून सांगणारे मामा, सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबची किल्ली आमच्याकडे "विसरून" जाणारे मामा. नाव मात्र एकालाही माहीत नव्हतं. एकाने "बहुतेक पाटील" असं टाकलं, दुसरा म्हणाला पाटील ते ऑफिसातले.

खरी गोम पुढे आहे. मला ते नाव एकदा माहीत होतं. वेबसाइटचं काम चालू असताना मामा माझ्या मागे उभं राहून बघायचे. एक दिवस म्हणाले, "आमचं बी टाकणार का हो नाव?" आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पानामागे नीट अक्षरात लिहून आणलं: पूर्ण नाव, हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख. १९७९ हे साल तेवढं लक्षात आहे, कारण माझ्या जन्माच्या आधीचं. मी फॉर्म उघडला. शिक्षण, संशोधनाचा विषय, शोधनिबंध. तिन्ही रकाने मीच 'नॉट नल' केलेले. रिकामे ठेवले की फॉर्म पुढेच जाईना. म्हटलं, "मामा, पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की." मामा "बरं" म्हणाले. पुढचं व्हर्जन कधी आलं नाही, हे तुम्ही मंडळी सॉफ्टवेअरवाले असाल तर सांगायला नको.

आता हा शुद्ध माझा आळस. तरी डोक्यात किडा वळवळायला लागला. विद्यापीठाच्या वेबसाइटवर माणसांची पानं असतात, ती आली कुठून? त्यात कोण असावं हे कुणी ठरवलं? शनिवार-रविवार दोन्ही त्यातच गेले. जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात वेबच्या वीस वर्षं आधी होते. १९७१ साली स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्ट नावाचे गृहस्थ होते. तेव्हा एकच मोठा संगणक आणि त्याला जोडलेली पुष्कळ टर्मिनल्स असा मामला. आत्ता मशीनवर कोण कोण आहे हे दाखवणारा प्रोग्राम होता, पण तो नुसती लॉगिनची आद्याक्षरं आणि टर्मिनलचे क्रमांक ओकायचा. लोक त्या यादीवरून बोट फिरवत, कुठला क्रमांक कुठल्या खोलीतला हे आठवत, हवा तो माणूस शोधत बसायचे. अर्नेस्टनी माणसाचं खरं नाव आणि जागा दाखवणारा प्रोग्राम लिहिला आणि त्या फिरणाऱ्या बोटावरून त्याला 'फिंगर' असं नाव ठेवलं. पुढे लोकांनीच मागणी केली की आम्ही जागेवर नसलो तर का नाही, कुठे भेटू, हे लिहायला काहीतरी द्या. त्यातून आली 'प्लॅन' नावाची फाइल. तुम्ही तिच्यात वाट्टेल ते लिहा. कुणी तुम्हाला फिंगर केलं की ते त्याच्यासमोर उमटणार. (गेमवाल्यांना आठवत असेल, जॉन कारमॅक नव्वदच्या दशकात याच प्लॅन फाइलमध्ये कामाची रोजनिशी लिहायचा.)

मला वाटतं प्रोफाइल पानाचा जन्म तो हाच. एक भाग संस्थेने भरलेला, म्हणजे नाव, खोली, फोन. दुसरा भाग माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला. नंतरची पन्नास वर्षं या दोन भागांची ओढाताणच चालू आहे.

१९७७ च्या डिसेंबरात फिंगरचा रीतसर प्रोटोकॉल लिहिला गेला आणि एका विद्यापीठातला माणूस दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाला फिंगर करू लागला. मग २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा इंटरनेटभर पसरला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती फिंगरचा सर्व्हर: ५१२ बाइटचा बफर, आणि येणारी ओळ किती लांब आहे हे न तपासता आत ओतणारं गेट्स फंक्शन. आपल्याला सी शिकवताना गेट्स वापरू नका असं ओरडून सांगतात ते उगाच नाही. पुष्कळ ठिकाणी फिंगरला कुलूप लागलं. मॉरिस पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला आणि त्याचंही रीतसर प्राध्यापकाचं पान आहे. काव्यगत न्याय कशाला म्हणतात ते हेच की काय... असो.

ऐंशीच्या दशकात अमेरिकन विद्यापीठांपुढे भलताच प्रश्न उभा राहिला. ईमेल सगळ्यांकडे आलं, पण कुणाचा पत्ता काय हे कुणालाच माहीत नाही. छापील डिरेक्टरी हातात पडेपर्यंत शिळी. इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक विभागात स्टीव्ह डॉर्नर नावाचा प्रोग्रामर होता (होय, युडोरा हा ईमेल प्रोग्राम लिहिणारा तोच). त्याने 'पीएच' नावाची कॅम्पसची फोन डिरेक्टरी केली. तिची मला आवडलेली गोष्ट म्हणजे डेटा विद्यापीठाचा असला तरी तुम्ही लॉगिन करून आपल्या नोंदीतले काही रकाने स्वतः बदलू शकत होता. प्राध्यापक, विद्यार्थी, ऑफिसातली माणसं, सगळी एकाच पोत्यात. तिकडे मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि मंडळींनी एक्स-५०० या अवजड आंतरराष्ट्रीय प्रमाणाला कात्री लावून साध्या पीसीला झेपेल असं काहीतरी बनवलं. १९९३ साली ते जाहीर झालं. त्याचं नाव एलडॅप. सोमवारी सकाळी ऑफिसात पासवर्ड टाकून आत शिरता ना, त्याच्या मागे बहुतेक वेळा हेच किंवा याचंच कुणी भावंड असतं. मूळ पोट्यापाण्याचा धंदा मात्र एकच: कॅम्पसवरच्या माणसाचा फोन नंबर सांगणे.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या दोघांनी या डिरेक्टरींसाठी रकान्यांची यादी प्रमाणित केली. त्यात खोली क्रमांक आहे, घरचा फोन आहे, सेक्रेटरी आहे आणि 'आवडतं पेय' असाही एक अधिकृत रकाना आहे! ओपनएलडॅप बसवलंत तर त्याच्यासोबत येणाऱ्या स्कीमामध्ये तो सापडेल. माणसाला चहा आवडतो की कॉफी याला जागतिक प्रमाणात जागा आहे. मामांचा चहा बिनसाखरेचा असायचा, हे मला अजून आठवतं.

१९९१ मध्येच मिनेसोटा विद्यापीठातून गोफर आलं. आज ते फारसं कुणाला आठवत नाही, पण वेबच्या आधी कॅम्पसची माहिती नेटवर टाकायची तर गोफर हाच मार्ग होता. गोफरमध्ये प्रत्येक वस्तूला एक आकडी प्रकार असतो. ० म्हणजे फाइल. १ म्हणजे फोल्डर. आणि २? चित्र नाही, शोधयंत्र नाही. २ म्हणजे डॉर्नरची फोन डिरेक्टरी. फाइल आणि फोल्डरच्या लगोलग माणसं. ज्यांनी तो क्रम लावला त्यांना कॅम्पसवर लोक काय शोधतात हे नेमकं ठाऊक होतं.

आणि वेब? वेबची तर गोष्टच फोनबुकापासून सुरू होते. टिम बर्नर्स-लीने १९९० च्या अखेरीला सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या त्या अणुविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालवून दाखवला. कल्पना फार मोठी, पण वापरणार कोण? लोकांना हायपरटेक्स्टची काही पडलेली नव्हती. मात्र सर्नमध्ये हजारो माणसं आणि त्यांचे फोन नंबर मेनफ्रेमवर. पुष्कळ लोक आपल्या टेबलावरचं एक टर्मिनल मेनफ्रेमला कायमचं लॉगिन करून ठेवायचे, केवळ नंबर शोधायला. मेनफ्रेमवरचं ते फोनबुक सांभाळणारा होता बेर्न्ड पोलरमान. बर्नर्स-लीने त्याला बरोबर घेतलं, पोलरमानने फोनबुक वेबवरून दिसेल अशी सोय केली, निकोला पेलो या विद्यार्थिनीने कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर लिहिला आणि वेबला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. जगाचं ज्ञान वगैरे नंतर. आधी "अमक्याचा एक्स्टेंशन काय हो?"

ही गोष्ट वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसलो. फोनबुकाचा निकष किती साधा असतो बघा: या माणसाला कुणी फोन करेल का? करत असेल तर नाव आलं. त्याने किती निबंध लिहिले हे कुणी विचारत नाही. उलट वर्कशॉपमधल्या मेकॅनिकचा नंबर नोबेलवाल्यापेक्षा जास्त वेळा शोधला जात असणार. आमच्या लॅबचा फोन वाजला की तो मामाच उचलायचे. फोनबुक छापलं असतं तर मामा त्यात पहिल्या दिवसापासून असते.

मग हे बिघडलं कुठे? माझ्या मते टिल्डपाशी.

~ हे चिन्ह. युनिक्सवाल्यांना ते म्हणजे घर. ते घर का, तर सत्तरच्या दशकात एडीएम-३ए नावाचं एक लोकप्रिय टर्मिनल होतं, त्याच्या कीबोर्डवर टिल्ड आणि 'होम' एकाच बटणावर होते. बर्कलीच्या बिल जॉयने आपल्या सी शेलमध्ये टिल्ड म्हणजे होम डिरेक्टरी असा संकेत वापरला आणि तो चिकटला तो चिकटलाच. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्याच एनसीएसए केंद्रातून मोझाइक ब्राउझर आला, आणि तिथल्याच रॉब मकूलने लिहिलेल्या वेब सर्व्हरमध्ये एक छोटी सोय होती: तुमच्या होम डिरेक्टरीत 'पब्लिक एचटीएमएल' नावाचं फोल्डर करा, त्यात फाइल टाका, ती टिल्ड आणि तुमचं लॉगिन या पत्त्यावर जगाला दिसेल. परवानगी नको, अर्ज नको, समिती नको. हीच सोय पुढे अपाचेत आली आणि जगभरच्या विद्यापीठांत टिल्डवाली पानं उगवली.

काय पानं होती ती! करड्या पार्श्वभूमीवर निळे दुवे, अभ्यासक्रमाची टिपणं, पोस्टस्क्रिप्टमधले निबंध, ऑफिसात भेटण्याच्या वेळा आणि मधेच मांजराचा फोटो. डोनाल्ड क्नूथ यांचं पान बघा. १ जानेवारी १९९० पासून आपण ईमेल का सोडलं हे ते तिथे शांतपणे समजावून सांगतात आणि काही कळवायचं तर टपालाने पाठवा म्हणतात. कुठल्याही टेम्प्लेटमध्ये हे बसणार नाही. मला विचाराल तर प्राध्यापकांच्या पानांचा सुवर्णकाळ तोच.

वजनही होतं त्या पानांना. गूगलचा पाया असलेला पेजरँकचा मूळ अहवाल मिळाला तर वाचा. वैयक्तिक आवडीनुसार क्रम कसा लागेल हे तपासायला लॅरी पेज आणि मंडळींनी एकाच पानाला सगळं महत्त्व देऊन बघितलं. एकदा ते पान होतं नेटस्केपचं मुखपृष्ठ. दुसऱ्यांदा? स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन मकार्थी यांचं होमपेज. एका प्राध्यापकाच्या पानावर उभं राहून सगळं जाल कसं दिसतं, हा खरोखरीचा प्रयोग होता.

पण टिल्डची एक अट होती, आणि ती इतकी उघड होती की कुणाला अट वाटलीच नाही. युनिक्सचं लॉगिन हवं. फोनबुकात यायला टेबलावर फोन पुरायचा. टिल्डला अकाउंट लागायचं, वर एचटीएमएल यायला लागायचं. प्राध्यापक, पीएचडीची पोरं, सिस्टिम ॲडमिन, बस्स. विभागाची मुख्य यादी मग या पानांवरूनच तयार व्हायची, कारण दुवा द्यायला काहीतरी हवं ना.

याचा एक आकडी पुरावा माझ्याच हातून गेला होता, हे मला या रविवारी कळलं. मशीन लर्निंग जुन्या पद्धतीने शिकलेल्यांना 'वेबकेबी' आठवत असेल. कार्नेगी मेलनच्या मंडळींनी जानेवारी १९९७ मध्ये कॉर्नेल, टेक्सास, वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन आणि इतर काही विद्यापीठांच्या संगणक विभागांची पानं गोळा केली आणि हातांनी वर्गवारी केली. एकूण ८,२८२ पानं. त्यातली विद्यार्थ्यांची १,६४१. प्राध्यापकांची १,१२४. स्टाफची १३७.

एकशे सदतीस! विद्यापीठाच्या आवारात कधी पाऊल टाकलेला कुणीही सांगेल की प्राध्यापकांमागे आठात एक एवढीच बाकीची माणसं तिथे नसतात. ती माणसं होती. पानं नव्हती.

पुढचं आणखी वाईट आहे. या डेटावर ज्यांनी ज्यांनी निबंध लिहिले त्यातले बहुतेक जण चारच वर्ग ठेवतात: विद्यार्थी, प्राध्यापक, कोर्स, प्रोजेक्ट. 'स्टाफ' उडवतात. कारण अगदी रास्त, इतक्या थोड्या नमुन्यांवर मॉडेल नीट शिकत नाही. मी एमएस्सीला नाइव्ह बेजची असाइनमेंट याच डेटावर केली होती. स्टाफचं फोल्डर डिलीट करण्याची कमांड मीच दिली असणार, आणि ज्या लॅबमध्ये बसून दिली ती सकाळी मामांनी उघडलेली असणार. तेव्हा अचूकता दोन-तीन टक्क्यांनी वाढली म्हणून मी खूश होतो.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो तुम्ही रोज बघताच. प्रत्येक टिल्डचं रूप वेगळं, लोक निवृत्त झाले तरी पानं तशीच, दुवे तुटलेले, वर स्पॅमवाले ईमेल पत्ते वेचून नेतात म्हणून 'ॲट' आणि 'डॉट' अक्षरांत लिहायची कसरत. विद्यापीठांना याचा कंटाळा आला आणि आली टेम्प्लेटं. सगळ्यांचा फोटो एकाच मापाचा, सगळ्यांना तेच सहा रकाने. कॉर्नेलच्या ग्रंथालयातल्या मंडळींनी २००३ मध्ये व्हिवो नावाची प्रणाली उभी केली, प्राध्यापक, निबंध, अनुदानं यांचं जाळं दाखवणारी. गूगल स्कॉलरची प्रोफाइलं २०११ ची, ऑर्किडचा क्रमांक २०१२ चा. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'विद्वान'. नावातच काय ते आलं! निकष आता फोनही नाही, लॉगिनही नाही. निबंध. ज्याला मोजता येईल असं काही छापलेलं आहे त्याचं पान. २०१० साली एक्सकेसीडीवर एक व्यंगचित्र आलं होतं, अनेकांनी पाहिलं असेल: एका वर्तुळात विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर काय असतं, दुसऱ्यात लोक तिथे काय शोधायला येतात. दोन्हींत सामाईक फक्त विद्यापीठाचं नाव. शोधणाऱ्यांच्या वर्तुळात काय होतं आठवतं? प्राध्यापकांचे फोन आणि ईमेल, कॅम्पस पोलिसांचा फोन. चाळीस वर्षं झाली तरी लोक यादीवरून बोटच फिरवतायत.

मराठीत आपण या उरलेल्या माणसांना काय म्हणतो? 'शिक्षकेतर'. शिक्षक नसलेले ते. आमच्या डेटाबेसमध्ये एखादा रकाना 'इतर' नावाचा असला की समजावं, डिझाइन करणाऱ्याने तिथे विचार करणं थांबवलं. इंग्रजीतला 'नॉन-टीचिंग' तसाच. अमेरिकन विद्यापीठांनी २००१ च्या सुमारास एकमेकांच्या लॉगिनवर विश्वास ठेवता यावा म्हणून एड्युपर्सन नावाचा स्कीमा केला, त्यात निदान 'स्टाफ' हा प्राध्यापकांच्या बरोबरीचा स्वतंत्र शब्द आहे आणि दोघांना मिळून 'कर्मचारी' हाही. म्हणजे दाराच्या कुलपाला हे लोक माहीत आहेत. दारावरच्या पाटीला नाहीत.

रविवारी दुपारपर्यंत एवढं वाचून झालं आणि मामांचं नाव काही मिळालं नव्हतं. मग डोक्यात प्रकाश पडला. माहितीचा अधिकार!

२००५ चा केंद्राचा कायदा (महाराष्ट्राचा स्वतःचा त्याआधीचा, २००२ चा). आपल्याला त्यातला दहा रुपयांचा अर्ज तेवढा माहीत असतो. पण कलम ४ म्हणतं की काही गोष्टी कुणी मागायची वाट न बघता सार्वजनिक संस्थांनी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या. त्या यादीत नवव्या क्रमांकावर आहे अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका. दहाव्यावर प्रत्येकाचं मासिक वेतन. सगळ्यांची. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत. या कायद्यामागची राजस्थानातली चळवळही नावांच्या याद्यांवरूनच पेटली होती. १९९४-९५ मध्ये मजूर किसान शक्ती संघटना गावोगाव जनसुनवाई घ्यायची आणि दुष्काळी कामांचे हजेरीपट लोकांसमोर वाचून दाखवायची. कागदावर मजुरी घेतलेले अमुक तमुक प्रत्यक्षात मेलेले किंवा गावातच नसलेले निघायचे. तेव्हा प्रश्न होता यादीत नसलेल्या माणसांची नावं घुसवण्याचा. माझा उलटा.

विद्यापीठाच्या साइटवर एकदम तळाला बारीक अक्षरात तो दुवा सापडला. आत पीडीएफ. स्कॅन केलेली, थोडी तिरकी, टाइप केलेले तक्ते. शोध चालत नाही, कारण सगळं चित्र. सगळी पानं एकेक करून डोळ्यांनी वाचली. प्राध्यापकांच्या चकचकीत पानांवर जे कुणीच नव्हते ते सगळे इथे होते. लिपिक, शिपाई, वाहनचालक, पंप ऑपरेटर, ग्रंथालय परिचर. आमच्या विभागाच्या खाली प्रयोगशाळा परिचर एकच. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नियुक्ती १९७९. मूळ वेतन अमुक. वाचल्याबरोबर ते कॅलेंडरचं पान डोळ्यांपुढे आलं, निळ्या शाईतलं, आडनावातला 'ळ' जरा मोठा काढलेला. पाटील नव्हतेच ते.

नाव इथे देत नाही, ते स्मरणिकेत येईल. मित्राला कळवलं. तो म्हणाला, "छान. मग शेवटी 'शिक्षकेतर' असं वेगळं शीर्षक करून खाली टाकतो."

म्हटलं, नको. सगळी नावं एकत्र घे आणि आडनावाने अकारविल्हे लाव.

तसं लावलं तर मामा तिसरे येतात, विभागप्रमुखांच्या दोन ओळी वर. आता फोटोची अडचण आहे. अकरा प्राध्यापकांचे फोटो माझ्या सीडीवर आहेत. आमच्याकडच्या ग्रुप फोटोंपैकी मात्र एकातही मामा नाहीत, कारण कॅमेरा दर वेळी त्यांच्याच हातात दिलेला असायचा. स्मरणिका छापायला जायला अजून तीन आठवडे आहेत. २००२ ते २००४ दरम्यानच्या एखाद्या रिळाचा, सीडीचा डबा तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असेल तर तेवढा खाली काढून बघा.